जुन्या मराठी पानांसाठी जुना ब्राउझर

नमस्कार मंडळी. जुन्या ब्राउझरची आठवण काढली की नेटस्केपचा तो उल्का पडणारा 'एन' नाहीतर इंटरनेट एक्स्प्लोररचा निळा 'ई' डोळ्यांपुढे येतो. आजच्या ब्राउझरला तसा मुखवटा चढवणाऱ्या थीमही मिळतात. त्या शोभेच्या. आज बोलायचंय ते खऱ्या नेटस्केप ४.८ आणि खऱ्या एक्स्प्लोरर ६ बद्दल, कारण मराठी माणसाला ते लागण्याचं ठोस कारण आहे. साधारण १९९८ ते २००४ या काळातली कितीतरी मराठी पानं आज नीट वाचायची तर तेच ब्राउझर लागतात.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची आजची सामायिक संकेतपद्धत, रुळण्याआधी मराठी संकेतस्थळं आठ बिटांच्या फॉन्टवर चालायची. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच, डोक्यावर टोप्या-टिंबं असलेला. त्यावर देवनागरीचे तुकडे बसवलेले. 'किती' हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये क, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी असे चार संकेत, उच्चाराच्या क्रमानं. जुन्या फॉन्टांत आधी वेलांटी, कारण ती आधी दिसते. मग क. मग अनेक फॉन्टांत बिनदांडीचा त, त्याची दांडी वेगळी आणि शेवटी दीर्घ वेलांटी. छापखान्यात खिळे जुळवायचे, तोच प्रकार. त्यात प्रत्येक कंपनीच्या पेटीतली घरं निराळी, त्यामुळे एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टात निव्वळ कचरा.

वाचकाकडे फॉन्ट नसला तर? म्हणून पानाबरोबरच फॉन्ट पाठवायची युक्ती निघाली, 'डायनॅमिक फॉन्ट'. नेटस्केप ४ मध्ये बिटस्ट्रीम कंपनीचा पीएफआर, एक्स्प्लोरर ४ पासून मायक्रोसॉफ्टचा ईओटी. आजचा क्रोम किंवा फायरफॉक्स या दोन्ही फाइली उघडत नाही. बरं, मूळ फॉन्ट मिळवून आजच्या विंडोजमध्ये टाकला तरी बऱ्याच पानांवर चौकोनच दिसतात. त्या पानांनी आपला अक्षरसंच 'एक्स-युझर-डिफाइन्ड' (वापरणाऱ्यानं ठरवलेला) असा जाहीर केलेला असतो, आणि आजचे ब्राउझर त्यातले १२८ पासूनचे संकेत युनिकोडच्या खासगी भागात नेऊन ठेवतात. फॉन्टात तिथे काहीच नसतं.

आणखी एक गाठ आहे. हे फॉन्ट फुकट पळवले जाऊ नयेत म्हणून त्यांना संकेतस्थळाच्या पत्त्याचं कुलूप घालता यायचं. पान इंटरनेट आर्काइव्हच्या, म्हणजे जुनी पानं साठवणाऱ्या संग्रहाच्या, पत्त्यावरून उघडलं की पत्ता जुळत नाही, आणि जुना ब्राउझरसुद्धा फॉन्ट नाकारतो. अनेकजण इथेच हात टेकतात. उपाय असा की जुन्या ब्राउझरला पान मूळ पत्त्यावरूनच येतंय असं वाटायला हवं. 'वेबॅकप्रॉक्सी' नावाचा छोटा पायथन प्रोग्रॅम नेमकं हेच करतो. तुम्ही जुना पत्ता टाकायचा, तो संग्रहातून पान आणून त्याच पत्त्याखाली दाखवतो.

आता जुळणी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, विंडोज एक्सपीचं मशीन करा. ५१२ एमबी मेमरी आणि १० जीबी डिस्क भरपूर झाली. हौसेखातर विंडोज ९८ घालू नका. आजच्या काही प्रोसेसरांवर ते सुरू होतानाच कोसळतं, आणि ५१२ एमबीच्या वर मेमरी दिली तर डिस्क कॅशचा हिशेब चुकून वेगळाच घोळ होतो. नेटवर्कला 'होस्ट-ओन्ली' निवडा. म्हणजे एक्सपीला बाहेरचं इंटरनेट दिसतच नाही, फक्त तुमचा संगणक दिसतो, बहुधा १९२.१६८.५६.१ या पत्त्यावर. इतक्या जुन्या, दुरुस्त्या बंद झालेल्या विंडोजला याहून मोकळं सोडू नये, आणि त्यात कुठलाही पासवर्ड टाकू नये.

प्रॉक्सी, म्हणजे वर सांगितलेली वेबॅकप्रॉक्सी, मुख्य संगणकावर चालवा. तिच्या कॉन्फिग फाइलीत, ज्या काळातलं पान हवं ती तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग आठ आकड्यांत लिहायची. पोर्ट ८८८८ असतं. जोडणी झाली नाही तर आधी मुख्य संगणकाची फायरवॉल तपासा, बहुतेक वेळा तिनंच पायथनला अडवलेलं असतं. नेटस्केपमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, अॅडव्हान्स्ड, प्रॉक्सीज इथे मुख्य संगणकाचा वरचा पत्ता आणि पोर्ट भरा. मग अपिअरन्समधल्या फॉन्ट्समध्ये जाऊन 'डायनॅमिक फॉन्टांसह पानाचे फॉन्ट वापरा' अशा अर्थाचा पर्याय निवडा. तो राहिला तर बाकी सगळी मेहनत फुकट. एक्स्प्लोररमध्ये प्रॉक्सीची जागा इंटरनेट ऑप्शन्समधल्या कनेक्शन्समध्ये, लॅन सेटिंग्जखाली आहे.

पान आलं, पण फॉन्टची फाइल कधी संग्रहात गेलीच नव्हती, असंही होतं. मग तो फॉन्ट शोधून एक्सपीच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाकावा, आणि नेटस्केपच्या व्ह्यू मेन्यूतल्या कॅरेक्टर सेटमध्ये 'युझर-डिफाइन्ड' निवडून त्यासाठी तो फॉन्ट नेमावा. पान अगदीच कोरं दिसलं तर घाबरू नका. टेबलाची शेवटची खूण नसेल तर नेटस्केप ४ आख्खं टेबलच गिळतो, आणि अर्धवट साठवलेल्या पानांत ती खूण नसतेच. सोर्स, म्हणजे पानाचं मूळ एचटीएमएल, उघडून बघा, मजकूर तिथे असतो. ते पान एक्स्प्लोररमध्ये बहुधा नीट उघडतं. पान रेंगाळलं म्हणून सारखं रिलोड मात्र करू नका. फार मागण्या गेल्या की आर्काइव्ह काही वेळ दार लावून घेतं.

आजची चालू संकेतस्थळं या ब्राउझरांत का उघडत नाहीत, हे थोडक्यात सांगतो. सुरक्षित जोडणीला आता टीएलएस या सुरक्षा-पद्धतीची किमान १.२ आवृत्ती लागते, १.० आणि १.१ यांना २०२१ मध्ये अधिकृत निरोप मिळाला. एक्सप्लोरर ६ ची धाव १.० पर्यंतच. त्यासाठी 'वेब रेंडरिंग प्रॉक्सी' आहे. ती मुख्य संगणकावर आजच्या ब्राउझरात पान उघडते आणि त्याचा क्लिक करता येण्याजोगा फोटो पुढे पाठवते. गंमत म्हणजे जोडाक्षरं त्यात अगदी सुबक दिसतात, कारण ती अक्षरं नसतातच.

पान नीट दिसलं की दोन गोष्टी लगेच ठेवा: पडद्याचा फोटो आणि मूळ एचटीएमएल. कॉपी-पेस्ट करून उपयोग नाही, हाती त्या टोप्या-टिंबांच्या ओळीच येतात. एचटीएमएल फाइलीच्या नावातच फॉन्टचं पूर्ण नाव लिहा. पुढे युनिकोडमध्ये रूपांतर करताना कुठली पेटी होती ते कळल्याशिवाय वेलांटी योग्य अक्षरानंतर नेता येत नाही.