कुंडी बदला, पण एकच साइज मोठी

मंडळी, थेट मुद्द्यावरच येते. झाड कुंडीत मावेनासं झालं की आपल्याकडे लोक सरळ १२ इंची कुंडी घेऊन येतात, म्हणजे आता दोन-चार वर्षं बघायला नको, आणि कोकणात झाड जातं ते नेमकं याच्यामुळे. मुळं जिथवर पोचलीत तिथलंच पाणी ती ओढणार, बाकीची माती ओली ती ओलीच, त्यात आपली हवा अशी की जुलैत पडवीतल्या दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, मग हॉलमधल्या कुंडीतली माती कुठून वाळणार! मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, ती मिळाली नाही की मुळं कुजायला लागतात, वर पानं मलूल दिसतात म्हणून माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड संपतं. म्हणून ६ इंचीतलं झाड ८ इंचीत, त्याच्या पुढे जाऊ नका, मी हे जिथे जाते तिथे सांगते.

बदलायची कधी, तर खालच्या भोकातून मुळं बाहेर आली असतील, किंवा झारीने घातलेलं पाणी मातीत न मुरता तसंच खालून निघून जात असेल, किंवा सकाळी पाणी घालून संध्याकाळी झाड मान टाकत असेल, तेव्हा.

आता हे टेबलावरचं स्नेक प्लांट बघा, मागच्यांना दिसत नसेल तर पुढे या. प्लास्टिकची कुंडी एका बाजूने फुगलीय, दिसतंय? आतून गड्डे ढकलतायत, ही झाडं प्लास्टिक फोडतातसुद्धा. कुंडी आडवी करायची, चारी बाजूंनी दाबायची, तळाला दोन थापा मारायच्या आणि झाड बुडाशी धरून सावकाश बाहेर काढायचं, पानं धरून ओढायचं अजिबात नाही. हे बघा, तळाशी मुळं सुंभासारखी गोल गोल वळलीयत आणि माती जवळजवळ शिल्लकच नाही. ही वळलेली मुळं तशीच नव्या कुंडीत ठेवली तर बाहेर न पसरता तशीच गोल फिरत राहतात, म्हणून बोटांनी मोकळी करायची, अगदीच घट्ट असतील तर धारदार सुरीने बाजूंना उभे काप द्यायचे, घाबरू नका, नवीन मुळं फुटतात. घट्ट असेल ते मूळ चांगलं, आणि काळं, बुळबुळीत, चिमटीत धरल्यावर साल सुटून येतं ते कुजलेलं, ते कापून टाका.

मातीचं जरा नीट ऐका. आपली जांभ्याची लाल माती परसात ठीक आहे, कुंडीत नुसती तीच भरली तर पाणी घालून घालून दाबली जाते आणि सुकली की कडक होते. त्यात भाताचं तूस, चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट मिसळा, हाताला भुसभुशीत लागली पाहिजे. कोकोपीट आपल्या नारळाच्या सोडणांपासूनच होतं, पण त्यात बऱ्याचदा खार असतो, म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुवून पिळून घ्या, आणि खाडीजवळ विहिरीचं पाणी मचूळ असेल त्यांनी तर हे चुकवूच नका.

आणि तळाला खडी किंवा चिऱ्याचे तुकडे भरायचे ना, सगळ्यांच्या घरात हेच सांगतात, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही, तिथेच अडतं, म्हणजे ओला थर उलट वर मुळांजवळ येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवा, माती वाहून जाणार नाही, तेवढं पुरे.

वेळ म्हणाल तर मेच्या अखेरीपासून पहिल्या सरींपर्यंत, तेव्हा झाड वाढीला लागलेलं असतं आणि दुखावलेली मुळं लवकर सावरतात. भर पावसात नको, राहिलं असेल तर गणपतीनंतर उघडीप बघून करा. पण मुळं कुजलीयत असं दिसलं तर कसलीही वाट न बघता त्याच दिवशी काढा.

लावताना झाड आधी होतं तेवढंच खोल, वर बोटभर जागा सोडा, भरपूर पाणी घालून खालून निथळू द्या आणि आठवडाभर सावलीत ठेवा. वरून वेगळं खत महिनाभर नाही, कापलेल्या मुळांना ते झोंबतं. दोन-चार पानं पिवळी पडली म्हणून परत उपटून बघू नका हो, कळकळीने सांगते, तशी झाडं बघून जीव तुटतो.

जेडचं आत्ता कोणीतरी विचारलं. जेड, अडेनियम या अंगात पाणी साठवणाऱ्या झाडांचं उलटं आहे, कोरड्या मातीत लावायची आणि चार-पाच दिवस पाणीच द्यायचं नाही, मुळांच्या जखमा सुकल्या की मग थोडं थोडं. या स्नेक प्लांटलाही तसंच. याचे आता तीन भाग होतील, प्रत्येकाला गड्डा आणि थोडी मुळं राहतील असे कापते, ज्यांना हवेत त्यांनी जाताना कागदात गुंडाळून न्या.