गाळलेल्या 'तुला'चा अर्थ

आज एका आयतीवर, म्हणजे कुरआनातल्या एका वचनावर, जरा रेंगाळू. कुरआनची ९३वी सूरा, म्हणजे अध्याय, 'अद्-दुहा', ११ आयतींची. परंपरा सांगते की प्रेषित मुहंमदांना ईश्वरी संदेश येणं काही काळ थांबलं, विरोधक टोचून बोलू लागले आणि तेव्हा ही सूरा आली. तिची तिसरी आयत : 'मा वद्दअक रब्बुक व मा क़ला'. तुझ्या रब्बाने, म्हणजे प्रभूने, तुला निरोप दिलेला नाही, आणि तिटकाराही केलेला नाही. पहिल्या क्रियापदाला 'क', म्हणजे 'तुला', जोडलेलं आहे. दुसऱ्याला नाही. का नाही?

यमकासाठी, असं बऱ्याच जुन्या भाष्यकारांनी म्हटलं : पहिल्या तीन आयतींचे शेवट दुहा, सजा, क़ला. 'बिन्त अश्-शाती' या नावाने लिहिणाऱ्या इजिप्तच्या आयेशा अब्द अर्-रहमान (१९१३–१९९८) यांना हे पटलं नाही. त्यांनी याच सूरेचा शेवट पुढे केला. नववी आणि दहावी आयत 'तक़्हर', 'तन्हर' अशी संपते. अकरावी मात्र 'हद्दिस'वर. 'सांग' याच अर्थाचं 'ख़ब्बिर' हाताशी होतं, यमकही जुळलं असतं. तरी ते घेतलेलं नाही. म्हणजे यमकासाठी शब्द वाकवला, हे म्हणणं इथेच लंगडं पडतं. त्यांच्या मते कारण हळुवारपणाचं आहे : तिटकाऱ्याचं क्रियापद, नकारातसुद्धा, प्रेषिताला चिकटवायचं नाही. निरोपाचं चालतं, कारण निरोप आपल्या माणसाला देतात, पुन्हा भेटीच्या आशेने. आपण निघताना 'येतो' म्हणतो ना, तीच आशा. मराठीत 'टाकून दिलं' असं भाषांतर केलं की ती हरवते.

ही पद्धत त्यांचे गुरू आणि पती अमीन अल्-ख़ूली (१८९५–१९६६) यांची. कुरआन आधी अरबी भाषेतला थोर ग्रंथ म्हणून वाचा, मग त्यातून कायदा काढा की तत्त्वज्ञान, असा त्यांचा आग्रह होता. बाईंनी तो १९६२ आणि १९६९च्या दोन खंडांत १४ लहान सूरांवर चालवून दाखवला. काम किचकट आहे. धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, घ्यायचा, तो कुरआनात जिथे जिथे आला त्या सगळ्या आयती गोळा करायच्या, शक्य तितक्या त्या अवतरल्या त्या क्रमाने लावायच्या, जुन्या अरबी काव्यातला वापर शेजारी ठेवायचा आणि दोन शब्द समानार्थी आहेत असं आधीच धरून चालायचं नाही.

शपथेचंच बघा. शपथ घेण्यासाठी कुरआनात 'हलफ' आणि 'अक़्सम' असे दोन शब्द येतात. 'हलफ' हा धातू कुरआनात १३ ठिकाणी येतो. त्यातल्या सात जागा एकट्या 'अत्-तौबा' सूरेत, दांभिकांच्या तोंडी. पाचव्या सूरेत एकदा श्रद्धावंतांबद्दल येतो, पण तोही मोडलेल्या शपथेच्या प्रायश्चित्ताच्या संदर्भात. याउलट जुना कवी नाबिग़ा हाच शब्द स्वतःच्या खऱ्या शपथेसाठी वापरतो. म्हणजे 'हलफ' खोट्या किंवा मोडलेल्या शपथेसाठी, हा भेद साऱ्या अरबीचा नव्हे, कुरआनचा स्वतःचा आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण इथेच घसरायलाही होतं. 'हलफ' खोटी, म्हणून 'अक़्सम' खरी, असं उलटं सूत्र लगेच बांधलं जातं. सोळाव्या सूरेत मेलेले पुन्हा उठणार नाहीत अशी शपथ इन्कार करणारे घेतात, आणि तिथे क्रियापद 'अक़्सम'चंच आहे. ते मनापासून तसं मानत होते, हा खुलासा निदान विचारात घेता येतो. सातव्या सूरेत मात्र सैतान आदम आणि हव्वा यांना 'मी तुमचा हितचिंतक' म्हणून शपथेवर सांगतो. रूप वेगळं, 'क़ासम'; धातू तोच. रूप निराळं आहे एवढ्यावर ती आयत बाजूला सारायची नाही. ती जमेस धरली की 'हलफ'बद्दलचं निरीक्षण टिकतं, 'अक़्सम'बद्दलचं सैल होतं.