हायवेकडेचा दयाळ

(दृश्य: लांज्याजवळ मुंबई-गोवा महामार्ग. चैत्रातली पहाट, हापूसच्या पेट्या लादलेले टेम्पो.)

विजेच्या तारेवर दयाळ बसलाय. काळाभोर पाठ, पांढरं पोट, शेपटी उभारलेली. खालून ट्रेलर गेला की त्याचा सूर बुडतो, नुसती चोच उघडताना-मिटताना दिसते. विणीचा हंगाम आहे. ही हद्द माझी, असं तो शेजारच्या नराला बजावतोय आणि मादीला साद घालतोय. हायवेच्या कडेला पाखरू गातंय म्हणजे त्याचं बरं चाललंय, असं आपण धरून चालतो. ते तितकंसं खरं नाही.

वाहनांची घरघर खर्जातली, त्यात खालचे सूर बुडतात. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात २००३ साली असं आढळलं, की गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट पक्षी आपले खालचे सूर वर चढवून गातात. बर्लिनचे नाइटिंगेल नर गोंगाटात मोठ्याने गातात; कामाच्या दिवशी सकाळी जास्त, शनिवार-रविवारी कमी.

दयाळ गाणं शिकणाऱ्या पक्ष्यांपैकी. त्याला थोडाफार बदल करायला वाव आहे. पण करवंदीच्या जाळीतून घुमणारा तो भारद्वाज, आपला कुकुडकोंबा? त्याचं ‘हूप-हूप’ मुळातच खर्जातलं, आणि उपजत. नवा सूर तो शिकणार कुठून?

(दृश्य: किनारा. लाटा फुटताहेत.)

कोणी म्हणेल, समुद्राची गाज काय कमी आहे? पावसाळ्यात पऱ्ये, म्हणजे ओढे, गर्जतातच की. खरंय. पण गाजेची सवय पिढ्यान् पिढ्यांची. चौपदरी रस्ता कालपरवाचा, आणि कडेची जुनी झाडंही त्याच्यापायी गेली.

अमेरिकेतल्या आयडाहोत संशोधकांनी रस्ता नसलेल्या डोंगरावर अर्धा किलोमीटर स्पीकर लावले आणि त्यावर वाहनांचा आवाज वाजवला. ना धूर, ना गाडी. तरी तिथले पक्षी पाव हिश्श्याहून जास्त घटले. मागे राहिलेल्यांपैकी काही जातींना लांबच्या प्रवासासाठी लागणारी चरबी नीट साठवता आली नाही. कारण साधं आहे. शिकाऱ्याची चाहूल कानाला लागत नसेल, तर मान सारखी वर करून बघावं लागतं, आणि तेवढा वेळ चोचीत दाणा जात नाही. ऑक्टोबरनंतर आपल्या खळ्यांत उतरणारे धोबी लांबचा प्रवास करून आलेले असतात. ही गोष्ट त्यांच्या बाबतीतही तपासून बघण्यासारखी आहे.

२०२० च्या टाळेबंदीत ‘पक्षी वाढले’ असं जो तो म्हणत होता. दोन महिन्यांत पक्षी वाढतात थोडेच! ऐकू येऊ लागले, इतकंच. त्याच वसंतात सॅन फ्रान्सिस्कोत रहदारी थांबली. तिथल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या चिमण्या हळू आवाजात गाऊ लागल्या, तरी त्यांचं गाणं दुपटीहून जास्त अंतरावर पोचू लागलं. सोडून दिलेले खालचे सूरही गाण्यात परत आले.