डोंगरावरची गोधडी

(दृश्य: दादर स्टेशनबाहेर ऑक्टोबरची संध्याकाळ. नुकतीच सर येऊन गेलीय. फळांची हातगाडी.)

"दादा, कुठलं सफरचंद?"
"किन्नौरचं आहे ताई. कडक, गोड."

निवेदन:

हिमाचलच्या डोंगरावरचं हे फळ ज्या थंडीत तयार झालं, ती थंडी मुंबईने पाहिलेलीच नाही. आपल्याकडे हिवाळा म्हणजे पहाटे पंखा एकवर. सांताक्रूझच्या वेधशाळेतलं नीचांकी तापमान 7.4 अंश, तेही 22 जानेवारी 1962 चं. आणि डेलिशस जातीच्या सफरचंदाची कळी नीट फुटायला 7 अंशांखालचे हजारभर तास लागतात. म्हणजे मुंबईने या झाडाला आजवर एक ताससुद्धा दिलेला नाही.

पण नुसत्या थंडीवर डोंगर चालत नाही. त्याला बर्फही लागतो. मराठीत गोळ्यातला, पापलेटच्या पाटीतला आणि हिमालयातला, सगळ्याला आपण बर्फच म्हणतो. पाटीतला गार करतो. हिमालयात भुरभुरून पडलेला मात्र जमिनीला ऊब देतो.

(दृश्य: बर्फाचा उभा छेद. खाली काळी माती, वाळकी पानं.)

ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते, आणि अडकलेली हवा उष्णता सहजी निसटू देत नाही. बातम्यांमध्ये याला 'बर्फाची चादर' म्हणतात. चादर कसली, आजीच्या हातची गोधडी! वर उणे 20 अंशांचा वारा सुटलेला असतो, आणि हातभर बर्फाखाली माती शून्याच्या आसपास टिकून असते. तिथे मुळं जिवंत राहतात. जिवाणू पानं कुजवत राहतात. सशाचा भाऊबंद असलेला 'पिका' नावाचा छोटा प्राणी हिवाळाभर झोपत नाही. तोही याच आडोशाने तगतो.

आपल्याकडे मृग लागला की पेरणीची लगबग सुरू होते. उंच डोंगरावरच्या रोपांचा मृग म्हणजे गोधडी उघडण्याचा दिवस. बर्फ गेला, ऊन मातीला लागलं, की कित्येक महिने दबून राहिलेली रोपं अंग मोडून उठतात.

हा मृग पुढे-मागे सरकला तर काय होतं, याची चोख नोंद अमेरिकेत आहे. कोलोरॅडोमधल्या गॉथिक या गावी जीवशास्त्रज्ञ डेव्हिड इनॉय यांनी 1973 पासून कुरणातली फुलं मोजली. दर उन्हाळ्यात त्याच जागी, एकेक फूल. कंटाळवाणं काम, पण त्यातूनच एक विचित्र गोष्ट दिसली. बर्फ लवकर वितळू लागला, तशी रोपंही लवकर उठू लागली. वसंतातली शेवटची कडाक्याची रात्र मात्र तितकी अलीकडे आली नाही. मग कळ्या धरल्या आणि एका रात्रीत करपल्या. तिथलं एक सूर्यफूल बहरायच्या आधीच मार खाऊ लागलं. मेक्सिकोकडून येणाऱ्या, फुलांतला मध पिणाऱ्या हमिंगबर्डचीही पंचाईत झाली: पक्षी पोचतो तोवर पहिल्या लिलीचा बहर आधीच सुरू झालेला असतो.

अमेरिकेतल्याच न्यू हॅम्पशायर राज्यात, हबर्ड ब्रुकच्या जंगलात तर संशोधकांनी फावड्याने बर्फ बाजूला सारून पाहिलं. उघडी पडलेली माती गोठली, शुगर मेपलची बारीक मुळं मेली, आणि मुळांनी शोषायचं नत्र पाण्याबरोबर झिरपून गेलं. हवा तापत चाललेल्या जगात झाडाची मुळं थंडीने मरतात, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण पांघरूण काढल्यावर हुडहुडी भरते ती अशी.

(दृश्य: हिमाचल. उतारावरची बाग, झाडांच्या बुंध्याशी बर्फ.)

आता आपल्या गाडीवरच्या पेटीकडे. शिमल्याजवळच्या कोटगढला सॅम्युअल स्टोक्स यांनी 1916 च्या सुमारास अमेरिकेतून डेलिशसची कलमं आणली. तिथले बागायतदार बर्फाला 'सफेद खाद' म्हणतात, पांढरं खत. बर्फ हळूहळू झिरपतो, पाऊस धावत निघून जातो. एवढा एक फरक, पण एप्रिल-मेमध्ये बागेत ओल आहे की नाही, हे त्यावर ठरतं.

आणि तो बर्फ कमी होतोय. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार मातकट दिसत होते. स्कीइंगला गेलेल्यांनी घोड्यावर बसून फोटो काढले. इसिमोड या काठमांडूच्या संस्थेने 2025 मध्ये सांगितलं, की हिंदुकुश-हिमालयात नोव्हेंबर ते मार्च बर्फ जमिनीवर टिकण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा 23.6 टक्के कमी होतं, 23 वर्षांतलं सर्वांत कमी.

कुलूच्या खालच्या पट्ट्यातल्या काहींनी सफरचंद सोडून डाळिंब धरलं. (आपल्या राहुरीची 'भगवा' जातही तिकडे पोचलीय, हे ऐकून सांगोल्याच्या शेतकऱ्याला काय वाटेल कोण जाणे.) सफरचंद वर वर चाललंय, किन्नौरकडे, लाहौल-स्पितीकडे. बाग वर नेता येते. बागेतली ओल मात्र तिथेही बर्फच ठरवतो.

(दृश्य: पुन्हा दादर. तराजूत चार सफरचंदं.)

"यंदा फळ बारीक आहे हो दादा."
"वरूनच तसं आलं ताई. पिशवी आणलीय?"