गाळणीवरचा बर्फ

श्रोतेहो, नमस्कार. ग्रीनलंडवरील बर्फाचे वजन २००२ पासून उपग्रहांच्या साहाय्याने मोजले जात असून, तेथून दरवर्षी सरासरी २७० अब्ज टन बर्फ घटत आहे. अशा बातम्या सोलापुरातही घरोघरी पोहोचतात आणि त्यांच्या पाठोपाठ धास्तीही येते.

गेल्या उन्हाळ्यात पूर्व भागातील एका परिचित विणकर कुटुंबाकडे गेलो असता, त्यांच्या पाचवीतील नातीची झोप उडाल्याचे कळले, कारण बर्फ वितळून सोलापूर बुडणार असे तिने मोबाइलवर पाहिले होते. आजोबा ‘काही होत नाही’ म्हणून विषय मिटवीत होते. मुलांची काळजी अशी झटकणे मला मुळीच मान्य नाही. मुलांना कारण सांगावे, ते त्यांना समजते. मी दोन पेले मागितले. एकात बर्फाचे खडे टाकून काठोकाठ पाणी भरले. दुसरा नुसत्या पाण्याने काठोकाठ भरून त्यावर चहाची गाळणी ठेवली आणि तीत बर्फ घातला. मे महिना असल्याने फार थांबावे लागले नाही. पहिला पेला ओसंडला नाही. दुसऱ्याचे पाणी ताटलीत सांडले. ती म्हणाली, “काका, म्हणजे ग्रीनलंड गाळणीवर आहे?”

अगदी बरोबर. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा हिमस्तर जमिनीवर आहे, म्हणून तो वितळला की समुद्राची पातळी चढते. पुन्हा सांगतो, जमिनीवरचा बर्फ पातळी चढवतो, तरंगता बर्फ जवळजवळ नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. जगातील सगळा बर्फ वितळला, तरी समुद्र सत्तर मीटरच्या आसपासच चढेल, आणि त्यालाही अनेक शतके लागतील. तिचा चेहरा खुलला, पण लगेच तिने विचारले, “आणि मुंबईचा मामा?” समुद्र आता दरवर्षी सुमारे चार मिलिमीटर चढत आहे आणि हा वेग वाढतो आहे, हे मी तिच्यापासून लपवले नाही.

तरंगता बर्फही महत्त्वाचाच आहे. चुना दिलेल्या गच्चीप्रमाणे तो ऊन परतवतो. तो गेला की उघडा पडलेला काळसर समुद्र ती उष्णता शोषतो, त्यामुळे आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापत आहे.

आपल्याकडे ही तापमानवाढ पाण्याच्या वाटेने येत नाही, हवेच्या वाटेने येते. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे पाऊस आला की धो धो कोसळण्याची शक्यता वाढते. असे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी वाहून जाते, आणि मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी तर मुरलेल्या ओलीवरच पोसली जाते.