झाडं तोडून वाचवलेली मुंगी

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेत विषय छापलाय ‘एका मुंगीचं संवर्धन’. त्याकडे येतोच, पण आधी झाडांबद्दल थोडं बोलू द्या. पुण्यात झाडांविरुद्ध बोलायला हिंमत लागते. दार कुठल्या बाजूला आहे ते मी बघून ठेवलंय. (हशा)

आमच्या घरामागे एक टेकडी आहे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत, त्यात पिवळीधमक सोनकी, मधूनमधून उघडा कातळ. उन्हाळ्यात तिथल्या दगडगोट्यांत टिटवी अंडी घालायची. पाय पडेपर्यंत दिसायची नाहीत. एका जुलैत रविवारी सकाळी बॅनर घेऊन मंडळी आली. खड्डे, रोपं, वडापाव, फोटो, अगदी साग्रसंगीत. रोपं कसली, तर गिरिपुष्पाची, म्हणजे परदेशातून आणलेल्या, भराभर वाढणाऱ्या झाडाची! मी म्हटलं, “अहो, इथे गवत आहे.” त्यावर ते गृहस्थ म्हणाले, “म्हणजे रिकामंच की!” सरकारी कागदावरही अशा माळाला ‘पडीक’च म्हणतात, तेव्हा त्यांना तरी काय बोलणार? आता तिथे गारेगार सावली आहे. गवत गेलं, टिटवीही गेली. फोटो मात्र अजून व्हॉट्सॲपवर फिरतोय. आणि त्यांचा पुढचा कार्यक्रम... जाऊ दे, अध्यक्ष घड्याळ बघताहेत.

तर मुंगीकडे, म्हणजे इंग्लंडकडे वळू. तिथल्या हीथ म्हणजे निकस, आम्लधर्मी जमिनीवरचे माळ. हेदरची खुरटी झुडपं, काटेरी गॉर्स, गवताचे ठोंब. हे माळ माणसानंच हजारो वर्षं गुरं चारून, कापून, जाळून मोकळे ठेवले. १८०० पासून ब्रिटनमधल्या सखल भागातल्या अशा माळांपैकी ८० टक्क्यांहून जास्त गेले. काही शेतीत, काही घरांखाली, तर काही नुसतेच चराई थांबल्यामुळे. गुरं गेली की बर्चची झाडं माजतात.

फॉर्मिका एक्सेक्टा ही मुंगी तिथली. डोक्याला मागून खोल खाच, त्यामुळे समोरून पाहिलं तर डोकं बदामाच्या आकाराचं दिसतं. पत्त्यातला बदाम हो, खायचा नव्हे! वारुळावर ती बारीक कातरलेल्या गवताचं छप्पर घालते. त्यावर ऊन पडलं की आत ऊब येते आणि पिल्लं वाढतात. सावली आली की वारूळ संपलं. पूर्वी ती दक्षिण इंग्लंडमध्ये बोर्नमथ, न्यू फॉरेस्ट, आइल ऑफ वाइट इथेही होती. आता स्कॉटलंडमध्ये आहे, पण इंग्लंडमध्ये मूळची अशी ती उरलीय डेव्हन परगण्यातल्या एकट्या चडली नाइटन हीथवर.

चिठ्ठी आली, तीन मिनिटं. बरं, भराभर सांगतो. उपाय एक: वारुळाभोवतीचा बर्च आणि झुडपं कापायची, ऊन येऊ द्यायचं. म्हणजे निसर्गप्रेमी करवत घेऊन जातात. उपाय दोन: आगीपासून राखण, कारण सगळं एकाच जागी असलं की एक वणवा पुरतो. उपाय तीन: काही वारुळं उचलून डेव्हनमधल्याच दुसऱ्या माळावर वसवायची. हे का करावं लागतं? नव्या राणीला बहुधा एकटीनं बिऱ्हाड थाटता येत नाही. ती दुसऱ्या जातीच्या काळ्या मुंग्यांच्या वारुळात घुसते आणि त्यांच्याकडून आपली पिल्लं वाढवून घेते. मधे झाडी असली तर तेवढंही जमत नाही. झाडांचा रस शोषणारे मावा किडे आणि या मुंग्या खातात तो त्यांचा गोड चिकटा, याबद्दल सांगायचं राहिलंच. ते चहाच्या वेळी विचारा. आणि गिरिपुष्पवाले कुणी इथे असतील, तर त्यांनीही या.