मुलगा सट्टा खेळतो? आधी त्याचं जुनं प्रगतिपुस्तक काढा

नमस्कार मंडळी! इंदूरहून बोलतेय. मागे हॉर्न वाजतायत ते भंवरकुआं चौकातले, तेवढं चालवून घ्या.

इकडे गल्लोगल्ली होस्टेलं. आयपीएल लागलं की खोलीखोलीत एकच चर्चा, पुढच्या बॉलवर किती लावायचे? ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. पण सट्टा काय, कायद्याला विचारून थोडाच चालतो!

एका खोलीत चौघं खेळतात असं समजा. तिघं पाचशे हरतात, दोन शिव्या देतात आणि झोपतात. चौथा पहाटे तीनपर्यंत ‘वसूल करतो रे’ म्हणत जागा. मला बोलायचंय ते या चौथ्याबद्दल.

त्याला एडीएचडी हा विकार असू शकतो. त्यात लक्ष टिकत नाही, हात आवरत नाही. शिवाय उशिरा मिळणारं बक्षीस मनाला बक्षीसच वाटत नाही. सेमिस्टरचा निकाल सहा महिन्यांनी, पुढचा बॉल मिनिटाच्या आत. सांगा, कोण जिंकणार? त्यात सट्ट्यातलं बक्षीस कधी येईल याचा नेम नाही, आणि नेम नसलेलं बक्षीसच सवय घट्ट करतं. मानसशास्त्रज्ञ स्किनरने हे कबुतरांवर दाखवून दिलं होतं. ‘एका रनाने गेलं यार’ हेही पुन्हा खेळायलाच लावतं.

जुगाराच्या विळख्यात सापडलेल्यांमध्ये एडीएचडी इतरांपेक्षा जास्त आढळतो. म्हणून एडीएचडीवाला प्रत्येक जण जुगारी होतो, असं मुळीच नाही हं!

आता खरी गोची. रोजची जागरणं आणि डोक्यावर उधारी असली तर कुणाचंही लक्ष उडेल. मग आधी एडीएचडी होता की सट्टा, हे ओळखायचं कसं? एडीएचडीची लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून दिसलेली असावी लागतात. म्हणून ते प्रगतिपुस्तक. ‘हुशार आहे, पण लक्ष नसते’ असा शेरा दरवर्षी आहे? दर पावसाळ्यात छत्री हरवायची? (आमच्या घरी मीच ती.) मुलींचं तर बहुतेकदा लक्षातच येत नाही, कारण त्या वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर बघत बसतात.

मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना ते पान सोबत न्या आणि सट्ट्याचंही सांगा. लाजेपोटी फक्त ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढंच सांगितलं, तर अर्धाच उपचार होईल. २०१३ पासून डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात जुगाराचा विकार दारूच्या व्यसनाच्याच प्रकरणात आहे. सुरुवात फोनवरून करायची असेल तर टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, पहाटे तीनलाही लागतो.